घोट्यावरची पांढरी रेघ

मी एका डाव्या पायाचा जुना आधार आहे, मित्रांनो. काठी नाही, कुबडी नाही. पोटरीच्या मागून निघून, टाचेला वळसा घालून, तळपायाखाली बोटांपर्यंत जाणारा जांभळ्या प्लॅस्टिकचा एक अखंड तुकडा. मला मोज्यावर चढवतात, पोटरीवरचा आणि घोट्याजवळचा पट्टा आवळतात आणि मग बुटात कोंबतात. दवाखान्यात मला स्प्लिंट म्हणतात. घरात मात्र मला कोणी नावाने हाक मारली नाही. सकाळी 'तो कुठे गेला?' अशी ओरड झाली की समजावे, माझाच शोध चालू आहे.

बुटात राहणाऱ्याला जगातले काय कळणार, असे तुम्हाला वाटेल. पण जिना किती उंच आहे, रस्ता किती ओबडधोबड आहे आणि मुलीला आज शाळेत जायची इच्छा आहे की नाही, हे पावलाइतके कोणालाच कळत नाही. मोज्यांच्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही. खाल्ल्या मिठाला जागणारा मी आहे.

माझ्या अंगात काय असते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे नीट समजेल. माझे अंग म्हणजे लांबच लांब धागे, इतके बारीक की कोणत्याही डोळ्याला दिसू नयेत. काही ठिकाणी हे धागे कपाटातल्या चादरींसारखे घड्या घालून रचलेले असतात. त्या जागा टणक. दोन चळतींच्या मधे मात्र धाग्यांचा नुसता गुंता असतो. पण त्या गुंत्यातलेच काही धागे एका चळतीतून निघून दुसरीत शिरतात आणि दोघींना बांधून ठेवतात. घड्यांमुळे मी ताठ उभा राहतो, गुंत्यामुळे मी लवतो. नुसत्या घड्याच असत्या तर पहिल्याच पायरीवर माझे तुकडे झाले असते, आणि नुसता गुंता असता तर मी मोज्यासारखा लोंबत राहिलो असतो. माझे नशीब चांगले, म्हणून मला दोन्ही मिळाले.

आधी मी साबुदाण्याएवढे दाणे होतो. ते वितळवून त्यांचा एक मोठा जांभळा तक्ता झाला, आणि तो तक्ता एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लांबट खोलीत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. खोलीत एक भट्टी होती, एक घरघरणारा पंप होता आणि सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी भुकटी होती. तिथे मुलांच्या पायांचे साचे घेऊन आधार बनवणारी एक बाई काम करायची. सगळी मुले तिला मावशी म्हणत. तिच्या भुवयांवरही भुकटी बसलेली असायची, आणि ती पुसायला तिला कधी सवड झालेली मी पाहिली नाही.

एके दिवशी तिथे भिंगरी आली. तिचे खरे नाव शाळेच्या पटावर होते, घरीदारी ती भिंगरीच. हे नाव तिच्या बाबांनी ती चालायला लागण्याआधी ठेवलेले. पुढे कळले की तिचे डावे पाऊल वर उचललेच जात नाही. पाय पुढे टाकला की पाऊल खाली लटकायचे, अंगठा जमिनीला घासायचा आणि भिंगरी तोंडावर आपटायची. तिच्या गुडघ्यांवर जुन्या खपल्यांच्या शेजारी नव्या खपल्या असत. ते नाव ऐकले की आईच्या काळजात चर्र व्हायचे, पण दुसऱ्या नावाने हाक मारली तर भिंगरी ओ देत नसे.

मावशीने ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या तिच्या पायाला गुंडाळल्या, वाळल्यावर कापून काढल्या आणि त्या पोकळीत प्लॅस्टर ओतून हुबेहूब भिंगरीचा पाय बनवला. मग रंगाचा प्रश्न आला. आईला अंगाच्या रंगाचा हवा होता, म्हणजे लोकांच्या नजरेत येणार नाही. भिंगरीने माझ्याकडे बोट दाखवले. मावशी म्हणाली, पाय भिंगरीचा आहे, तेव्हा रंगही तिलाच ठरवू द्या. माझी छाती अभिमानाने फुगली, म्हणजे तक्त्याची जेवढी फुगते तेवढी.

मला भट्टीत ठेवले. तापता तापता आतल्या सगळ्या घड्या उलगडल्या आणि माझा रंग सरबतासारखा नितळ झाला. मावशीने जाड हातमोजे घालून मला उचलले आणि त्या प्लॅस्टरच्या पायावर पांघरले. पंपाने मधली हवा ओढून घेतली, तसा मी त्या पायाला असा बिलगलो की तिच्या घोट्याचे हाडही माझ्या अंगात उमटले. मग मी गार होत गेलो आणि आत पुन्हा घड्या पडल्या. आता त्या भिंगरीच्या पायाच्या आकारात पडल्या होत्या. साऱ्या जगात मला नेमका बसेल असा एकच पाय होता आणि तो मला मिळाला. एवढे भाग्य किती जणांच्या वाट्याला येते?

मला घालून भिंगरी पहिल्यांदा चालली, ती त्या खोलीतल्या समोरच्या भिंतीपर्यंत. अंगठा घासला नाही. ती वळली आणि परत आली, आणि कोणी काही बोलायच्या आत पुन्हा भिंतीकडे निघाली. आई बाकावर बसून पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती. बंद तुटला.

निघताना मावशीने दोघींना समजावून सांगितले. रोज संध्याकाळी मला काढून पाय बघायचा, कुठे लाल झाला असेल तर कळवायचे. आणि माझ्या घोट्याला बोट लावून ती म्हणाली, "इथे कुठे पांढरं दिसलं, की तसंच उठून यायचं. वाट बघायची नाही." बाबा त्या दिवशी दुकानात होते. त्यांनी हे ऐकले नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. शाळेत पहिल्याच आठवड्यात मी भाव खाल्ला. वर्गातली मुले माझ्यावर टकटक करून बघायची, आत कोणी आहे का म्हणून विचारायची. भिंगरीने लगेच नियम केला की टकटक करायची असेल तर आधी तिच्या बुटाची नाडी बांधून द्यायची. तिची नाडी पुढे कितीतरी दिवस तिने स्वतः बांधली नाही. बाईंनी तिला फळा पुसायला बोलावले, मैदानावर तिला पळापळीत घेतले, आणि एकदा तर तिने पकडल्यावर 'तुझ्या पायाला प्लॅस्टिक आहे म्हणून तू पळतेस' असा एका मुलाने तिच्यावर आळ घेतला. ते ऐकून भिंगरी घरी येईपर्यंत हसत होती. तिच्याबद्दल कोणी अशी तक्रार करण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यांचे घर पहिल्या मजल्यावर होते. आई शाळेचे गणवेश शिवायची, आणि तिचे शिलाई मशीन खिडकीत होते. खिडकीच्या समोरच मोठ्या रस्त्यावरून जाणारा पादचारी पूल होता. अलीकडचा जिना खिडकीतून स्पष्ट दिसे, पलीकडचा दिसत नसे. पलीकडे उतरले की शाळा दोन गल्ल्यांवर, आणि त्याच जिन्याखाली बाबांचे मोबाइल दुरुस्तीचे छोटेसे दुकान.

भिंगरीच्या मनात एकच गोष्ट होती. तिला तो पूल एकटीने ओलांडून शाळेत जायचे होते. वर्गातल्या सगळ्या मुली एकट्या यायच्या, आणि भिंगरी मात्र आईच्या हाताला धरून. धरून म्हणजे काय, आई तिचे मनगट असे आवळायची की शाळेत पोचल्यावरही बोटांचे वळ दिसत. आईचे तरी काय चुकले? मी येण्याआधी त्याच जिन्यावरून भिंगरी गडगडत खाली आली होती, आणि तो आवाज आईच्या कानातून गेला नव्हता.

भिंगरीने हट्ट धरला, रुसून बसली, जेवायचे सोडून पाहिले. शेवटी आईने एक अट घातली. परीक्षा संपेपर्यंत एकदाही न पडता दाखवायचे, मग सुट्टीनंतर एकटीने जायचे. बाबा म्हणाले, ठरले. आईने मान डोलावली. आणि त्या दिवसापासून भिंगरी पडल्याचे घरात सांगेनाशी झाली.

म्हणजे ती पडत नव्हती असे नाही. कोणते मूल पडत नाही? नळापाशी घसरली, मैदानात आपटली, बाकाच्या पायात अडकली. पण घरी येण्याआधी ती गुडघे पुसायची, परकरासारखा लांब फ्रॉक ओढून घ्यायची आणि गाणे म्हणत घरात शिरायची. संध्याकाळी मला काढून पाय बघायचे कामही तिने आईकडून स्वतःकडे घेतले. मला सगळे माहीत होते, पण मला विचारणार कोण?

एकीकडे ती उंच होत होती. तिचे वजन वाढले, पाऊल लांब झाले, पायाची बोटे माझ्या टोकाबाहेर डोकावू लागली. त्यात पुलाची तयारी म्हणून ती इमारतीच्या जिन्यावर चढउतार करायची. प्रत्येक पायरीला मी घोट्यापाशी वाकत होतो आणि सरळ होत होतो. आणि मग एके सकाळी मला जाणवले की आत काहीतरी वेगळे घडते आहे.

सुरुवात घड्यांपासून झाली. ताण वाढला तशा त्या एकमेकींवरून सरकू लागल्या. मधला गुंता ओढला गेला, त्यातले धागे ताणून सरळ झाले. आणि जिथे आणखी ताणायला जागाच उरली नाही, तिथे धाग्यांच्या मधे बारीक बारीक पोकळ्या उघडल्या. सुईच्या टोकावर हजारो मावतील इतक्या बारीक. पण त्या खूप होत्या, आणि त्यांच्यावर पडलेला उजेड इकडेतिकडे विखुरला. साबणाचे पाणी नितळ असते आणि त्याचा फेस मात्र पांढरा दिसतो ना, तसाच माझा जांभळा रंग तेवढ्या जागी पांढरा दिसू लागला. घोट्यावर एक पांढरी रेघ उमटली.

मित्रांनो, या पोकळ्यांना माझा रोग समजू नका. मी त्यांचा आभारी आहे. दोन पोकळ्यांच्या मधे जे धागे उरतात ते ताणून एका दिशेला लागलेले असतात, आणि ते भार धरून ठेवतात. त्यामुळे मी एकदम तुटत नाही. काच बघा, ती कोणाला न सांगता फुटते. मी आधी सांगतो. मला तोंड नाही, आवाज नाही, म्हणून मी पांढरा होऊन सांगतो.

भिंगरीने रेघ पाहिली. आधी तिने थुंकी लावून अंगठ्याने घासली. जाईना. मग ती मला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मावशीचे शब्द तिला पाठ होते. पण मावशीकडे जायचे म्हणजे नवा साचा, मग वाट बघणे, आणि तोवर मनगटावर आईची बोटे तशीच. परीक्षा तर तोंडावर आली होती. तिने मला फ्रॉकच्या आड घेतले आणि शाळा सुटल्यावर बाबांना दाखवले.

बाबांबद्दल तुमचे वाईट मत व्हायला नको म्हणून आधीच सांगतो, असा प्रेमळ माणूस विरळा. बंद पडलेल्या वस्तूला ते कधी 'फेका' म्हणत नसत. त्यांच्या दुकानात गरम हवा फेकणारा ब्लोअर होता. मोबाइलचे प्लॅस्टिकचे कव्हर वाकून पांढरे पडले की ते त्यावर जरा वेळ ब्लोअर धरत, पांढरेपणा जाई, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई. तेच त्यांनी माझ्यावर केले. गरम हवा लागली, पोकळ्या मिटल्या, रेघ दिसेनाशी झाली आणि माझा जांभळा रंग परत आला.

"झाला बघ नवा," बाबा म्हणाले.

आईला सांगायचे नाही ना, असे भिंगरीने विचारले. आता सांगण्यासारखे उरलेच काय, असे म्हणून बाबांनी तिला एक लिमलेटची गोळी दिली. त्यांना खरेच तसे वाटत होते. पण वाकता वाकता जे धागे तुटले होते ते गरम हवेने जुळत नाहीत. मी सांगितलेले फक्त पुसले गेले होते.

रेघ पुन्हा आली, आणि या वेळी लवकर आली. बाबांनी पुन्हा ब्लोअर धरला. मग पुन्हा. दर वेळी ती जास्त रुंद होऊन यायची. गरम हवेने माझी पोटरीकडची कड जराशी वाकडी झाली आणि भिंगरीला टोचू लागली, तेव्हा तिने तिथे रुमालाची घडी घातली. मी ओरडून सांगत होतो आणि माझी माणसे मायेने माझे तोंड दाबत होती. राग आला का? खरे सांगतो, राग नाही आला. भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. त्या पुलाच्या जिन्यावर माझ्या भरवशावर कोण पाय टाकणार आहे, हे मला ठाऊक होते.

परीक्षा संपली, सुट्टी संपली. आईने आपला शब्द पाळला. त्या सकाळी तिने भिंगरीची वेणी इतकी घट्ट घातली की भिंगरीचे डोळे ताणले गेले, दप्तर दोनदा तपासले आणि शेवटी मनगट धरायला पुढे आलेला हात स्वतःच्या पदरात लपवला. भिंगरी खाली उतरली. आई खिडकीत उभी राहिली.

अलीकडचा जिना चढताना मी सगळा जोर लावला. वर पोचल्यावर भिंगरीने वळून हात हलवला, आणि पुलावरून ती जवळजवळ नाचतच गेली. त्या दिवशी तिचे पाऊल किती हलके होते म्हणून सांगू! मग पलीकडचा जिना आला. दप्तर जड होते, मागून माणसे घाईने उतरत होती. मधल्या एका पायरीवर तिने सगळे वजन डाव्या पायाच्या पुढच्या भागावर टाकले आणि मला ते पेलेना.

घोट्यापाशी माझे अंग बारीक होऊ लागले. पोकळ्या एकदम उघडल्या, एकीला लागून दुसरी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कडेला एक चीर पडली. पण त्या चिरेतून आरपार गेलेले धागे होते ना, ते ताणले गेले आणि धरून राहिले. मी वाकलो, पण सावकाश वाकलो. तेवढ्या वेळात भिंगरीचा हात कठड्यावर पडला, दुसरा हात पायरीवर, आणि ती मटकन खाली बसली. तिच्यापुढे अजून अर्धा जिना होता. त्या धाग्यांचे उपकार मी कसे फेडू?

जाता जाता एका माणसाने लागले का म्हणून विचारले. तिने नाही म्हणून मान हलवली. मग बूट काढून तिने मला बाहेर घेतले. घोट्याचा जांभळा रंग शिल्लकच नव्हता. खाली जिन्याशेजारी बाबांचे दुकान दिसत होते. शाळा भरायला वेळ होता. बाबांनी ब्लोअर मारला असता, चीर कशाने तरी चिकटवली असती, आणि आईला काही म्हणजे काही कळले नसते. हे सगळे तिच्या मनात येऊन गेले. तिच्या हातातच होतो मी, मला कळणार नाही?

ती बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत खाली आली आणि एका पायावर लंगडी घालत दुकानात शिरली. मला तिने कामाच्या टेबलावर ठेवले. बाबांनी काही न विचारता, सवयीने, ब्लोअरकडे हात नेला. भिंगरीने बटणावर हात ठेवला.

"नको बाबा. त्याला परत गप्प नका करू."

बाबांनी मला उचलून उजेडात धरले. माझी चीर त्यांना दिसली असावी, कारण त्यांचे बोट तिच्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरले. पडलीस का, असे त्यांनी अगदी हळू विचारले. ती म्हणाली, नाही, पण पडणार होते. आणि मग तिला रडू फुटले. बाबांनी एका गिऱ्हाइकाचा उघडा मोबाइल तसाच सोडून दुकान बंद केले, भिंगरीला पाठुंगळी घेतले आणि ते पूल चढू लागले.

आईने खिडकीतून त्यांना येताना पाहिले. ती धावत खाली आली. बाबांनी रस्त्यातच, पाठीवर भिंगरी तशीच असताना, रेघेपासून ब्लोअरपर्यंत सगळे सांगून टाकले. आता वादळ उठणार म्हणून आम्ही तिघेही वाट बघत होतो. आईने फक्त मला बाबांच्या हातातून घेतले आणि म्हणाली, मावशीकडे चला.

मावशीने मला उलटसुलट करून पाहिले. माझ्या वाकड्या कडेवरून बोट फिरवल्यावर तिला ब्लोअरचे कळलेच. ती रागावली नाही. तिने माझ्याच जातीची एक उरलेली पट्टी घेतली आणि पुन्हा पुन्हा वाकवली. वाकली तिथे पट्टी पांढरी पडली. मग तिने ती तापवली. पांढरेपणा गेला. पट्टी बाबांच्या हातात देऊन ती म्हणाली, आता तुम्ही वाकवत राहा. थोड्याच वेळात पट्टी पुन्हा पांढरी पडली, आणि मग त्याच जागी तुटली. बाबा हातातले दोन तुकडे कितीतरी वेळ जुळवून बघत होते.

मग मावशीने जे सांगितले ते ऐकून भिंगरी आणि बाबा एकमेकांकडे बघतच राहिले. नवा आधार होईपर्यंत घालायला तिच्याकडे तयार, जरा ढगळ असे आधार नेहमीच असतात. वेळेवर आले असते तर त्याच दिवशी एक बांधून पाठवले असते.

आईने तेव्हा तोंड उघडले. आवाज चढवला नाही. "मला का नाही सांगितलंस?"

भिंगरी म्हणाली, "तू म्हणालीस पडायचं नाही. मग सांगणार कसं?"

आणि तिने सगळे सांगितले. नळापाशी, मैदानात, बाकाच्या पायात. पुसलेले गुडघे, ओढलेला फ्रॉक, पोटरीला बांधलेला रुमाल. मावशीने पंप बंद केला, कारण त्याच्या घरघरीत ऐकू येत नव्हते. आई ऐकत होती. इतके दिवस आपली मुलगी पडत नाही म्हणून ती सुखात होती, आणि ते सुख कशाचे बनले होते हे तिला आत्ता कळत होते. तिचा चेहरा उतरला. मग ती भिंगरीसमोर जमिनीवर, त्या पांढऱ्या भुकटीत, बसली.

"अट चुकली माझी," आई म्हणाली. "पडायचं नाही असं मी परत म्हणणार नाही. पडलीस की सांगायचं. पांढरं दिसलं की सांगायचं. एवढं करणार असशील, तर जा एकटी."

नवा आधार पिवळा झाला. भिंगरीनेच निवडला. नव्याला पाहून मला वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. थोडे वाटले. त्याला आधीच्या कामाचा काही अनुभव नाही, आणि मोज्यांची तर त्याला कल्पनाच नाही. पण मला कोणी फेकले नाही. आईने मला शिलाई मशीनशेजारी खिडकीत उभे केले. माझ्या टाचेत ती बटणे ठेवते, पोटरीत मोजपट्टी आणि खडू. मला तर हे म्हातारपण फारच मानवले आहे. ज्या मावशीने मला आकार दिला, ज्या पायाने मला काम दिले, ज्या बाबांनी मला कधी 'फेका' म्हटले नाही, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. आणि माझ्या अंगातल्या, कोणाला न दिसणाऱ्या त्या पोकळ्यांचा सर्वांत जास्त.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझे भाऊबंद आहेत. बादलीची कडी असेल, खुर्चीचा पाय असेल, दप्तराची कडी असेल. त्यांच्यावर कुठे पांढरे दिसले तर घासू नका, तापवू नका, रंग लावून झाकू नका. ते तुम्हाला काहीतरी सांगत आहेत, आणि अजून वेळ आहे म्हणूनच सांगत आहेत. आणि तुमच्यापाशी कोणी चुकल्याचे, पडल्याचे, मोडल्याचे सांगायला आले, तर त्याला पुन्हा सांगावेसे वाटेल अशा रीतीने ऐका. म्हाताऱ्या प्लॅस्टिकची एवढीच विनंती आहे.

पिवळा आधार घालून भिंगरी पहिल्यांदा निघाली, ती सकाळ मी खिडकीतून पाहिली. आई मशीनवर बसली होती. सुईखाली एक कॉलर होती, पण पायाखालचे पायडल हलत नव्हते. भिंगरी जिना चढत होती. नव्या आधाराला पायऱ्यांची सवय नव्हती. अगदी वरच्या पायरीवर तिचा पाय अडकला आणि ती दोन्ही हातांवर पडली. माणसे तिला वळसा घालून जाऊ लागली. आई अर्धवट उठली. तिचा हात माझ्यावर पडला आणि तिने मला असे आवळले, जसे ती भिंगरीचे मनगट आवळायची.

भिंगरी उठली. हात झटकले. पुढे पूल मोकळा होता आणि आईने पाहिले की नाही हे तिला ठाऊक नव्हते. ती कठड्याशी आली आणि खिडकीकडे तोंड करून, गाड्यांच्या आवाजावर आवाज चढवून तिने सांगितले, "आई, पडले गं. लागलं नाही."

आईने खिडकीबाहेर वाकून, भर रस्त्यावर, तितक्याच मोठ्याने उत्तर दिले, "बरं. जा."

मग तिने मला सोडले, ती खाली बसली, आणि मशीन सुरू झाले.